एकशे बेचाळीसचं कार्ड

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाईने स्वतःला सांभाळून घेतलं. लहानपणी दाराची कडी लागली की नाही हे बघायला मी अंथरुणातून चारदा उठायचे. मोठी झाल्यावर रस्त्यांना भ्यायला लागले. घर नौपाड्यात आणि नोकरी वागळे इस्टेटमध्ये, म्हणजे मध्ये हायवे आलाच. ऐंशीच्या दशकात त्यावर आतासारखे पूल नव्हते. ट्रक सुसाट यायचे आणि पलीकडे जायचं तर देवाचं नाव घेऊन पळायचं. अशा बाईवर लोकांना चालत किंवा सायकलने कामावर आणायची जबाबदारी टाकली गेली, यावरून आमच्या साहेबांची माणसांची पारख कळावी.

आमच्या कारखान्यात विजेची बटणं बनायची. मी टाइम ऑफिसला होते. गेटला लागून एक खोली, तिला काचेची खिडकी, खिडकीबाहेर पंचिंगचं घड्याळ आणि त्याच्या दोन बाजूंना कार्डांचे दोन फळे. एका फळ्यावर लिहिलेलं ‘बाहेर’, दुसऱ्यावर ‘आत’. माणूस आला की ‘बाहेर’मधून आपलं कार्ड काढायचा, घड्याळात घालून दांडा दाबायचा, आणि कार्ड ‘आत’मध्ये ठेवून कामाला जायचा. साडेसातचा भोंगा. सात पस्तीसपर्यंत निळा आकडा उठायचा, नंतर लाल. मला माणसं नावाने कमी आणि नंबराने जास्त आठवतात, ते त्यामुळे.

स्टेशनवरून माणसं आणायला कंपनीने भाड्याची एक बस ठेवली होती. ती बंद करायची ठरली, आणि बस बंद करायची म्हटल्यावर साहेबांना अचानक आमच्या तब्येतीची आठवण झाली. नोटीस लागली की चालणं हृदयाला चांगलं, सायकल त्याहून चांगली. माझं अक्षर बरं, म्हणून कॅन्टीनमध्ये मोठा फळा लावून त्यावर ‘आपले पाय, आपली वेळ’ असं मला लिहायला लावलं. नोव्हेंबर ते जानेवारी, तीन महिने जो एकही दिवस न चुकता पायी किंवा सायकलने वेळेत येईल, त्याला सगळ्यांसमोर स्टीलचा डबा. रोज कार्डं बघून नंबरापुढे खडूने रेघ मारायचं काम माझं.

लोकांनी आधी टिंगल केली. प्रेस शॉपमधला एक जण म्हणाला, “साहेबांनी आधी गाडी सोडावी, मग आम्ही चप्पल घालतो.” पण बस तर बंदच झाली, मग करतात काय. डोंबिवलीहून येणाऱ्या बायका ठाण्याला उतरून घोळक्याने चालत यायला लागल्या. घोळका असला की हायवेवर ट्रकवालेसुद्धा जरा दमाने घेतात. हळूहळू फळ्यावर रेघा वाढल्या आणि मला, खरं सांगते, त्याची चटक लागली. जेवणाच्या सुट्टीत मी टेबलाटेबलाशी जाऊन लोकांना पटवायचे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं ऐकत होतं.

एकशे बेचाळीस ही असेंब्लीमधली मुलगी, चेंदणी कोळीवाड्यातली. विशीतली, काटक, बोलायला फटकळ. तिची आई खाडीची मासळी विकायची. पहिल्या दिवसापासून ती चालत येतच होती, पण माझं भाषण ऐकून दुसऱ्याच दिवशी भावाची जुनी सायकल घेऊन आली, तीही सरळ हायवेवरून, ट्रकांच्या मधून. मी ते गेटातून बघितलं. म्हणजे उद्या हिला काही झालं तर फळ्यावरचं अक्षर माझं.

मी तिला खिडकीशी बोलावलं आणि माझी वाट सांगितली. नाक्याच्या बऱ्याच पुढे हायवेखालून एक नाला जायचा. त्याच्या मोरीत कडेला सिमेंटचा कट्टा होता, त्यावरून एक माणूस सायकल ढकलत सहज जाईल. पलीकडे निघालं की नाल्याच्या काठाने, कारखान्यांच्या मागच्या भिंतींना लागून पायवाट. ट्रक नाही, रिक्षा नाही, काही नाही. मी चार वर्षं तिथूनच येत होते. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मी तिला नकाशासुद्धा काढून दिला.

“तिथे तर कुत्रंपण नसतं, ताई,” ती म्हणाली.

“म्हणूनच सांगतेय. घे बघू माझी शपथ, हायवेवरून येणार नाहीस म्हणून.”

ती हसायला लागली. “तुमी ना, भीतीचं लोणचं घालून बसल्यात. बरं, घेतली शपथ. पण मंग तुमीपण एक करायचं. माझ्या कार्डावर नजर ठेवायची. साडेसातला कार्ड आत नाय दिसलं, तर माणूस पाठवायचा त्या वाटेवर. कबूल?”

“कबूल,” मी म्हटलं.

तिने ते चेष्टेत म्हटलं होतं. मी मात्र गांभीर्याने घेतलं, मी सगळंच घेते. तेव्हापासून रोज सकाळी माझी नजर ‘बाहेर’च्या फळ्यावर एकशे बेचाळीसवर असायची. सात पंचवीसच्या सुमाराला सायकलची घंटी, मग कार्डाचा टिंग आवाज, मग खिडकीतून तिचा हात. त्यानंतर मी चहा घ्यायचे, त्याआधी मला तो गोड लागायचा नाही.

जानेवारीच्या अखेरीला फळ्यावर अखंड रेघा असलेले चारच नंबर उरले, आणि बायकांत ती एकटी. साहेबांनी डबे आधीच मागवले होते. आपल्याकडे भांड्यावर काहीतरी कोरून घातल्याशिवाय ते आपलं होत नाही, म्हणून मीच बाजारात जाऊन त्यांवर अक्षरं घालून आणली होती. तिच्या डब्यावर ‘१४२, तीन महिने, एकही दिवस न चुकता’. शेवटचा दिवस तेवढा बाकी होता.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी धुकं होतं. मी नेहमीप्रमाणे पावणेसातला आले, बॅटरी लावून, मोरीतून. सात पंचवीस झाले, घंटी नाही. साडेसातचा भोंगा झाला. घोळके आत गेले, गेट रिकामं झालं. सात तेहतीस. ‘बाहेर’वर एकशे बेचाळीस तसंच. सायकल पंक्चर झाली असेल, ढकलत येत असेल, आता वळणावर दिसेल. दोन मिनिटांनी लाल आकडा उठणार, आणि तीन महिन्यांच्या रेघा एका लाल आकड्यावर फुकट जाणार.

मी खोलीतून बाहेर आले, कार्ड काढलं, घड्याळात घातलं आणि दांडा दाबला. सात चौतीस, निळा. कार्ड ‘आत’मध्ये ठेवलं.

दुसऱ्याचं कार्ड मारणं आमच्याकडे सगळेच करायचे. बायकोला दिवस गेलेत, पोराला ताप आलाय, ‘जरा माझं मार रे’, असं चालायचं. सापडला तर मात्र नोकरी जायची. दिवाळीआधी स्टोअर्समधला एक माणूस असाच गेला होता आणि त्याचं पत्र मी टाइप केलं होतं. म्हणजे मी काय केलं ते मला पुरतं ठाऊक होतं. पण खरं सांगू का, त्या क्षणी मला वाटलं मी तिच्यासाठी काहीतरी चांगलं करतेय. दोन मिनिटांत ती येईल, मी डोळे वटारीन, ती जीभ चावेल, संपलं.

ती आली नाही.

पावणेआठला मी स्वतःला सांगितलं की मी रजिस्टरमध्ये डोकं घातलेलं असताना ती आत गेली असेल. आठला ते मला पटेनासं झालं. सव्वाआठला असेंब्लीच्या सुपरवायझरचा इंटरकॉम आला. “एकशे बेचाळीस कुठे आहे? जागेवर नाही. कार्ड आत आहे का?”

मी फळ्याकडे बघितलं. जणू मला माहीतच नव्हतं. “आहे,” मी म्हटलं.

“मग असेल इथेच कुठेतरी,” म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खोटं बोलणं सोपं असतं, कुणी काही म्हणो. तोंडातून शब्द एकच गेला, आणि त्यानंतर त्या मुलीला बाहेर शोधायचं कुणालाच कारण उरलं नाही. ती आत होती. घड्याळाने सांगितलं होतं आणि घड्याळावर मी बसलेली.

पुढचे अडीच तास मी कसे काढले ते लिहायला आजही नको वाटतं. दोन भीती माझ्यात भांडत होत्या. एक म्हणायची, ऊठ, ती त्या वाटेवर पडली आहे, तिथे कुत्रंसुद्धा नसतं असं ती स्वतः म्हणाली होती. दुसरी म्हणायची, अगं, ती घरी तापाने झोपली असेल, आणि तू बोंब मारलीस तर कार्ड कुणी मारलं हे पहिलं विचारतील. घरी वडील रिटायर झालेले, धाकटा भाऊ शिकत होता, माझ्या एकटीच्या नोकरीवर चूल पेटत होती. साडेनऊला चहाचा भोंगा झाला. मी असेंब्लीच्या बायकांना जाता जाता विचारलं, “काय गं, ती दिसली का?” त्या म्हणाल्या, “आतच आहे ना? तुम्हीच सुपरवायझरला सांगितलंत म्हणे.” मी हो म्हटलं आणि चहा न घेता परत आले.  ऊठ म्हणणारी भीती खरी आहे हे मला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी मी दुसरीचं ऐकत राहिले. यापेक्षा वाईट मी स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही.

पावणेअकराला सुपरवायझर स्वतः आले, चिडलेले. “पोरगी कार्ड मारून पळालेली दिसते. गेटपास नाही, काही नाही. मेमो काढा.” मी टाइपरायटरमध्ये कागद घातला. ‘आपण आज सकाळी ७.३४ वाजता कामावर हजर होऊन नंतर कोणाचीही परवानगी न घेता’ इथपर्यंत टाइप केलं. वाक्य तसंच अर्धं सोडलं. मी उठले आणि तशीच गेटाबाहेर पडले. वॉचमन मागून ओरडत होता, “मॅडम, पास.”

मी कधी पळत नाही. त्या दिवशी पळाले. भिंतींच्या मागून, नाल्याच्या काठाने. आतून पॉवर प्रेस दणदणत होत्या, त्यांच्या आवाजात माझीच चप्पल मला ऐकू येत नव्हती. मोरीपासून शंभरएक पावलांवर काठाची माती ताजी ढासळलेली दिसली. मी सकाळी तिथूनच आले होते, तेव्हा ती धड होती. मी वाकून खाली बघितलं.

ती पुरुषभर खाली होती, नाल्यातल्या दगडांवर, भिंतीला पाठ लावून बसलेली. सायकल बाजूला आडवी. उजवा पाय गुडघ्याखाली असा वळला होता की मला आधी कळलंच नाही ते काय आहे. ओढणी तिने पायाला गुंडाळली होती. ओठ पांढरे पडलेले, पण डोळे उघडे होते आणि माझ्याकडेच लागलेले. मी दगड धरत, घसरत तिच्याजवळ खाली उतरले.

“आलात,” ती म्हणाली. आवाज बसला होता. “किती वाजले?”

“सव्वाअकरा झाले गं,” मी म्हटलं आणि रडायला लागले.

“मला वाटलं आठपर्यंत तरी कोण येईल,” ती सावकाश म्हणाली. “भोंगा ऐकला ना साडेसातचा. म्हटलं, बरं झालं, आता ताई कार्ड बघतील. कार्ड नाय दिसलं की माणूस पाठवतील. म्हणून मंग ओरडलेच नाय जास्त. या प्रेसच्या आवाजात ओरडून काय उपयोग. गप बसून राहिले.” मग म्हणाली, “चहाचा भोंगा झाला, तेव्हा मात्र रडू आलं.”

 मी वर धावत गेले, जवळच्या कारखान्याचं मागचं दार बडवलं, चार माणसं आणली. त्यांनी तिला उचलून हातगाडीवर घातलं. उचलताना ती जे ओरडली ते मी अजून ऐकते. दवाखान्यात डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, “हे कधीचं आहे?” मी म्हटलं, “सकाळचं.” ते म्हणाले, “इतका वेळ काय केलंत? हाड असं राहायला नको होतं.”

कारखान्यात परतले तेव्हा मेमोचा कागद टाइपरायटरमध्ये तसाच होता. सुपरवायझर खिडकीशी आले. त्यांनी ‘आत’च्या फळ्यावरचं कार्ड बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांचं स्वतःचं कार्डही कधी काळी कुणी मारलंच असणार. “झालं ते झालं,” ते हळू म्हणाले. “तो कागद फाडा.” मी फाडला. साहेबांनी तर कार्डाची चौकशीही न करता कॅन्टीनमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या, पोरगी हिच्यामुळे सापडली म्हणून. मी मान खाली घालून उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, बाई लाजतायत.

आणि महिन्याचा तक्ता करायची वेळ आली. एकशे बेचाळीसपुढे शेवटची रेघ मारायची की नाही? नाही मारली, तर कार्डावर सात चौतीस कसं, हा प्रश्न येतो. मी रेघ मारली. तिला डबा मिळाला. तो घरी नेऊन द्यायचं काम साहेबांनी माझ्याकडेच दिलं.

कोळीवाड्यात मी पहिल्यांदाच गेले. ती पडवीत खाटेवर होती, पायाला मांडीपर्यंत प्लास्टर. आई उंबऱ्याशी मासळी साफ करत होती. मला बघून तिने हात धुतले आणि माझी अलाबला घेतली. “बस बाय. तू नसतीस तर माझी पोर गेली असती. च्या घेशील ना?” ती चहा ठेवायला आत गेली. मी पिशवीतून डबा काढून खाटेवर ठेवला.

तिने तो हातात घेतला, फिरवला, अक्षरं वाचली. दोनदा वाचली.

“एकही दिवस न चुकता,” ती म्हणाली. “पण शेवटच्या दिवशी तर मी पोचलेच नाय, ताई.”

मी तिच्या प्लास्टरकडे बघत होते.

“कार्ड कुणी मारलं?”

“मी.”

 आतून स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज येत होता. “म्हणून कोण आलं नाय,” ती शेवटी म्हणाली. मला नाही, डब्याला सांगितल्यासारखं. तिची आई चहा घेऊन आली. मी तो प्यायले, कारण न पिण्याइतकीही हिंमत माझ्यात नव्हती. निघताना त्या माऊलीने कागदात बांधून सुके बोंबील दिले. आमच्या घरात मासे चालत नाहीत. तरी मी ते घेतले, आणि वाटेत टाकवेनात म्हणून घरी नेऊन माळ्यावर ठेवले. माझ्या आईने वासाने शोधून काढले तेव्हा कुठे मी तिला सगळं सांगितलं.

प्लास्टर निघालं, पण पाय इंचभर आखूडच राहिला. साडेतीन महिन्यांनी ती कामावर परत आली, भावाच्या स्कूटरवर मागे बसून. गेटापासून खिडकीपर्यंत चालत येताना तिचं लंगडणं मी पहिल्यांदा बघितलं. तिने काचेवर टकटक केलं आणि तो डबा माझ्या टेबलावर ठेवला.

“हा इथेच ठेवा. पेनंबिनं ठेवायला.”

मी मान हलवली. ती ‘बाहेर’च्या फळ्याकडे गेली, आपलं कार्ड काढलं आणि दांडा दाबला. लाल आकडा उठला. तिने तो मला काचेतून दाखवला. तोंडावर राग नव्हता, हसूही नव्हतं.

“ताई, आता माझं कार्ड मीच मारीन,” ती म्हणाली. “उशीर झाला तर होऊ द्या. आणि नाय आले, तर नाय आलेलीच दिसू द्या.”

नव्वद साली कारखाना बंद पडला, तोवर ती आणखी सहा वर्षं तिथे होती. त्या सहा वर्षांत रोज सकाळी मी आधी तिचं कार्ड बघितलं, मग घड्याळ. तीनदा ते साडेसातनंतरही ‘बाहेर’ राहिलं, आणि तिन्ही वेळा मी गेटपास न घेता तिला शोधायला बाहेर पडले. तिन्ही वेळा ती घरी तापाने झोपली होती.